चेसीला ताजा काळा रंग मारलेली जुनी थार घ्यावी का?

फोंड्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. ते २०१२ची फोर बाय फोर थार घ्यायच्या विचारात आहेत. गाडी शिवोलीला, दुसऱ्या मालकाकडे. इंजिन चांगलं वाटलं, फोर व्हील लागतं, किंमत बाजारभावापेक्षा थोडी कमी. मालक म्हणतो, "गंज अजिबात नाही, आत्ताच खालून कोटिंग करून घेतलंय." यांनी वाकून पाहिलं तर खाली सगळं काळंभोर, नव्यासारखं. गंज तपासायचा कसा, आणि हे ताजं कोटिंग चांगलं लक्षण समजावं की वाईट, असं त्यांनी विचारलंय.

मी डिचोलीत चोवीस वर्षं जीप, जिप्सी, थार आणि बोलेरोच्या चेसीचं (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचं) आणि पत्र्याचं काम करतोय. गोव्यात "गंज आहे का" असं विचारून काही हाती लागत नाही. इथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्यात समुद्राचा खारा वारा. दहा-बारा पावसाळे काढलेली आणि गंज नसलेली गाडी मी अजून पाहिलेली नाही. मालक "अजिबात नाही" म्हणाला म्हणून तो खोटंच बोलतोय असंही नाही. बहुतेकांनी स्वतःच्या गाडीखाली कधी डोकं घातलेलं नसतं. तुम्हाला शोधायचंय ते हे, की गंज कुठे आहे, किती खोल गेलाय आणि तो दिसू नये म्हणून कोणी काही केलंय का.

यातलं "कुठे" सगळ्यात महत्त्वाचं. थार, जिप्सी, जुन्या जीपा या सगळ्या चेसीवर बॉडी बसवलेल्या गाड्या. बॉडीचा पत्रा एक मिलिमीटरहून पातळ असतो. तो सडला तर कापून नवा लावता येतो. खर्च येतो, डोकेदुखी होते, पण गाडी वाचते. चेसीचं तसं नाही. पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), स्टिअरिंग, इंजिन, गिअरबॉक्स, सगळ्याचा भार तिच्यावर. दाराखाली दोन भोकं पडलेली पण चेसी धडधाकट असलेली गाडी मी स्वतः घेईन. आरशासारखा रंग असलेली पण पाटा चेसीला धरणाऱ्या हँगरशी चेसी मऊ झालेली गाडी मी भावाला घेऊ देणार नाही.

खाली वाकण्याआधी गाडी आजवर कुठे राहिली ते काढा. नंबरावरून निदान पहिली नोंद कुठली ते कळतं: जीए-०३ म्हापशाची, जीए-०४ डिचोलीची, जीए-०५ फोंड्याची, जीए-०६ वास्कोची. मालक बदलत जातो, त्यामुळे नंबरावर पूर्ण विसंबू नका. आरसीवरचे पत्ते बघा, आणि सरळ विचारा की गाडी रात्री कुठे उभी असायची. मोरजी-मांद्र्याला उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि वाळपईत पडवीत उभी राहिलेली गाडी, दोन्ही एकाच वर्षाच्या असल्या तरी खालून निराळ्या दिसतात.

ती पूर्वी भाड्याने द्यायची गाडी होती का, हे जरूर बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या उघड्या जीपा आणि थार पर्यटक स्वतः चालवत नेतात, आणि बंदी असूनही काहीजण त्या किनाऱ्यावर उतरवतात. भरतीच्या कडेने एकदा जरी गाडी धावली तरी खारं पाणी चेसीच्या पोटात जातं. संध्याकाळी गाडी परत देताना वरून पाणी मारलं जातं, आतून कोण धुणार? नंतर अशी गाडी खाजगी करून विकली जाते. पाटी पांढरी झाली तरी जुन्या कागदपत्रांत माग लागतो.

मासळी वाहणाऱ्या पिकअपचं त्याहून वाईट. क्रेटमधून बर्फाचं खारट पाणी रोज मागच्या चेसीवर ठिबकतं. बोलेरो कॅम्परसारखी गाडी बघत असाल तर जेटीवर धंद्याला होती का, एवढं विचाराच. आमच्या बाजूच्या खाणींवरच्या जीपांची तऱ्हा वेगळी. २०१२मध्ये आणि पुन्हा २०१८मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा अशा बऱ्याच जीपा विकायला निघाल्या, काही अजून फिरताहेत. त्यांना मीठ लागलेलं नसतं, पण लाल खनिजमाती चेसीच्या कोपऱ्यांत थापल्यासारखी बसलेली असते आणि ती ओल सोडत नाही. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपा गोड्या पाण्यातून ओहोळ ओलांडतात. त्यांचे फ्लोअर, हब आणि ब्रेकचे ड्रम आधी बघायचे.

मिठाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण शिवोलीच्या गाडीत मला तीच भीती आहे. पावसाळ्यात स्वयंपाकघरातलं खडेमीठ बरणीत आपोआप ओलं होतं, पाझरायला लागतं. पाणी कोणी घातलेलं नसतं, मीठ हवेतली ओल ओढून घेतं. चेसीच्या पोकळ पेटीत अडकलेलं मीठ नेमकं हेच करतं. बाहेर चार दिवस ऊन पडलं तरी आत लोखंडावर ओलसर खारट थर राहतो आणि गंज चालूच असतो. शिवाय लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. दोन पत्रे एकमेकांवर जोडलेत तिथे तो आतून फुगतो आणि जोड उघडायला लागतो. बाहेरून रंग ठीक, मधे फुगवटा, असं दिसलं की समजावं आतलं काम बरंच पुढे गेलंय. पेटीच्या आकाराची चेसी आतून बाहेर सडते, म्हणून नुसत्या नजरेने तपासणी होत नाही.

आता खाली उतरू. मालकाच्या अंगणात आडवं पडून मोबाईलचा उजेड मारण्याला मी तपासणी म्हणत नाही. गाडी जवळच्या वॉशिंग सेंटरला न्या, धुलाईचे पैसे तुम्ही द्या आणि रॅम्पवर चढवून खालून प्रेशरने धुऊन घ्या. माती निघाली की खरी चेसी दिसते. रॅम्प नसेल तर जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, मजबूत घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. सोबत चांगली बॅटरी, छोटी हातोडी, स्क्रू ड्रायव्हर, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, आणि मिळाला तर फोनला जोडायचा वायरवाला छोटा कॅमेरा ठेवा. हातोडी वापरणार हे मालकाला आधी सांगा. दुसऱ्याच्या वस्तूवर न विचारता ठोकू नये, आणि त्याने नकार दिला तर तीही एक माहितीच आहे.

मडकं घेताना आपण टिचकी मारतो. खणखणीत वाजलं तर घेतो, बद्द वाजलं तर ठेवून देतो. चेसीचंही तेच. आधी मधल्या भागात, जिथे लोखंड बहुधा चांगलं असतं, तिथे हलक्या हाताने ठोका आणि तो आवाज कानात ठेवा. मग दर चार बोटांवर ठोकत मागे या. आवाज बद्द झाला, हातोडी उसळी न घेता बसली, किंवा आतून चुरा गळल्याचा आवाज आला, तर तिथे थांबा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून दाबा. चांगल्या लोखंडावर ते सरकतं, सडलेल्यात रुततं.

ठोकायच्या खास जागा पाणी आणि माती कुठे थांबते यावरून कळतात. या थारला मागे पाटे आहेत. पाट्यांची पुढची टोकं जिथे चेसीला धरलेली असतात आणि मागे शॅकल, म्हणजे पाट्याच्या टोकाची हलती कडी, जिथे लोंबतं, त्या दोन्ही बाजूंच्या जागा सगळ्यात आधी. मग मागच्या ऍक्सलवरून चेसी कमानीसारखी वर जाते तो भाग. मागच्या चाकांनी उडवलेली माती त्या कमानीवर साचून राहते आणि हात पोचत नाही म्हणून कोणी धूत नाही. मग अगदी मागचा आडवा मेंबर (चेसीच्या दोन बाजू जोडणारा भाग), ज्याला टो हुक असतो. पुढे टॉर्शन बारची (पिळल्या जाऊन पुढच्या चाकांच्या स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांची) मागची टोकं ज्या मेंबरला अडकवलेली असतात तो मेंबर. बॉडी माऊंट, म्हणजे बॉडी चेसीवर जिथे टेकते ते आधार, एकेक बघा. रबर ठीक दिसतं, पण त्याखालची चेसीची कंसपट्टी कुरतडलेली असते. चेसीच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात. त्यात तार घाला. लाल चिखल निघाला तर मातीतली गाडी, आणि पांढरी बारीक वाळू निघाली तर मालकाला किनाऱ्याबद्दल पुन्हा एकदा विचारा. त्याच भोकातून कॅमेरा आत घातला तर पोटातली स्थिती सरळ दिसते.

दिसलेल्या गंजाचं वजन कसं करायचं? नुसता तांबूस थर, बोट फिरवलं तर पावडर लागते, खाली लोखंड सलग आहे, तर घाबरू नका, घासून रंगवता येतं. पोपडे सुटताहेत, खाली खड्डे दिसताहेत, तर किती जाडी उरलीय ते बघावं लागेल आणि किंमत त्याप्रमाणे उतरली पाहिजे. एकावर एक पापुद्रे आलेत, हातोडीने तुकडा पडतो किंवा आरपार दिसतंय, आणि तेही पाट्याच्या किंवा स्टिअरिंग बॉक्सच्या जागी, तर गाडी सोडा.

आता त्या काळ्या कोटिंगकडे. कोटिंग स्वतः वाईट नाही. मी ते करून देतो. पण ते काम कसं करतात ते माहीत असू द्या: आधी गाडी नीट धुवायची, पूर्ण सुकवायची, गंज खरवडून काढायचा, प्रायमर मारायचा, रबर आणि ब्रेकचे भाग झाकायचे, मग कोटिंग. यात दिवस जातात. विकण्यासाठी केलेलं काम अर्ध्या दिवसात उरकतं आणि ओल्या गंजावरच जाड काळा थर बसतो. ओल आत कोंडते आणि गंज आधीपेक्षा जोरात वाढतो, फक्त दिसत नाही. दोन्हींतला फरक ओळखता येतो. सायलेन्सरवर, ब्रेकच्या पाइपांवर, रबरी बुशांवर, नटांच्या आट्यांवर काळे शिंतोडे असतील तर काम घाईचं. थराखाली खडबडीत, फोडांसारखं लागत असेल तर गंज न खरवडता मारलंय. जिथे थर विनाकारण जाड आहे तिथेच ठोका. आणि मालकाकडे कोटिंगच्या आधीचे फोटो मागा. मनापासून करून घेणारा माणूस फोटो काढून ठेवतो, निदान कुठल्या गॅरेजला केलं ते सांगतो आणि तिथे विचारायला हरकत घेत नाही. दरवर्षी मृगाच्या आधी कोटिंग करून घेणारा मालक भेटला तर ती गाडी दोन पैसे जास्त देऊन घ्यावी.

ताज्या काळ्या रंगाबद्दल मी इतकं बोलतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासाठी मी जिप्सी बघायला गेलो होतो. खालून अशीच काळी, स्वच्छ. घाई होती, संध्याकाळ झाली होती. मी नजर फिरवली, दोन ठिकाणी बोटाने दाबून बघितलं आणि हरकत नाही म्हणालो. पावसाळा संपता संपता चोर्ला घाट उतरताना मागच्या डाव्या पाट्याचा हँगर चेसीतून उपटून निघाला. गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबली म्हणून आतली तिघं माणसं सुखरूप राहिली. ती चेसी माझ्याकडेच आली. कापली तेव्हा आत ओंजळभर वाळू निघाली, आणि हँगरभोवती लोखंड म्हणून जे होतं ते हाताने चुरगळत होतं. बाहेरचा काळा थर मात्र अखंड होता. त्या दिवसापासून मी रॅम्प आणि हातोडीशिवाय कुठल्याही गाडीबद्दल मत देत नाही.

बॉडीकडे येतो. इथे वेळ कमी द्या, पण तीन जागा चुकवू नका. पहिली, फ्लोअर. पायाखालची मॅट आणि तिच्याखालचं अस्तर उचलाच. कापडी टपाच्या गाडीत पाणी आत येतंच आणि अस्तर ओल्या गोणपाटासारखं महिनोन्महिने फ्लोअरला चिकटून राहतं. सीटचे बोल्ट, सीट बेल्टचे आणि रोलबारचे पाय जिथे बसलेत तिथला पत्रा दाबून बघा. अपघातात माणसाला धरून ठेवायचं काम त्यांचं आहे. दुसरी, पुढच्या काचेच्या चौकटीचे खालचे कोपरे, जिथे रबराखाली रंगाला फुगे येतात. तिसरी, मागच्या चाकांवरच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा. तिथे चुंबक फिरवा. पत्र्यावर चिकटतं, जाड लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरलेली असेल तिथे सुटतं. थोडी लांबी प्रत्येक जुन्या गाडीत असते, पण कमान अख्खी लांबीची असेल तर खाली पत्राच उरलेला नाही.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायची सवय लावा. जुलै २०२१च्या पुरात सत्तरी-डिचोलीत गाड्या पाण्यात गेल्या होत्या. पुरातली गाडी धुऊन पुसून चकाचक करतात, पण गुंडाळलेल्या बेल्टच्या आतल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ राहून जाते. डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखं दिसलं तर तेही पाण्याचं किंवा खाऱ्या हवेचं लक्षण.

फोर व्हीलच्या भागांबद्दल थोडक्यात. ब्रेकचे आणि डिझेलचे लोखंडी पाइप जिथे क्लिपमध्ये अडकवलेत तिथे गंजतात. ते बदलता येतात, पण बदलल्याशिवाय गाडी चालवू नका. डिफ्रेन्शिअल आणि ट्रान्सफर केसचं (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचं) तेल थोडं काढून बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. फोर हाय, फोर लो दोन्ही मातीच्या रस्त्यावर लावून पाहा, डांबरावर नको. बरेच जण वर्षानुवर्षं फोर व्हील लावत नाहीत आणि ते लावायच्या दांड्यांचे जोड गंजून धरतात.

कागदांत एक गोष्ट थेट गंजाशी जोडलेली आहे. चेसीवर ठोकलेला नंबर स्वतः वाचा आणि आरसीशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. एनओसीच्या (आरटीओच्या ना-हरकत दाखल्याच्या) वेळी त्याची पेन्सिलने घेतलेली छाप लागते. नंबर गंजाने पुसट झालेला असेल, आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा किंवा वेल्डिंग असेल, तर गाडी कितीही आवडली तरी सोडा. आरटीओत तुम्हाला उत्तर देता येणार नाही. आणखी एक: खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२ची गाडी २०२७ला तिथे पोचते, मग तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण. म्हणजे चेसीचा प्रश्न आज टाळलात तरी तेव्हा तो समोर उभा राहणारच, आणि त्या वेळी मालक तुम्ही असाल.

बऱ्याच गोष्टी तुमच्यावरही अवलंबून आहेत. रविवारी घाटात फिरायला हवी, घरी झाकलेली जागा आहे, हाताने थोडं काम करायची तयारी आहे, तर वरवरचा गंज असलेली स्वस्त गाडी चालेल. रोज फोंडा-पणजी जायचं असेल आणि गाडी उघड्यावर उभी राहणार असेल, तर जास्त पैसे देऊन चांगल्या चेसीची घ्या किंवा घाटावर, बेळगावच्या बाजूला शोधा. तिकडच्या गाड्या खालून बहुधा जास्त कोरड्या असतात, फक्त एनओसी आणि इथला रोड टॅक्स किमतीत धरा. आणि घाई नसेल तर गाडी भर पावसात, आषाढात बघा. काच कुठे गळते, पाणी कुठे साचतं, सगळं त्या एका तासात दिसतं. माझ्या अनुभवात रंगरंगोटी करून गाड्या विकायला निघतात त्या गणेश चवथीनंतर, पर्यटकांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी.

शिवोलीच्या थारबद्दल माझं मत असं. कोटिंग बघून नाही म्हणू नका आणि कोटिंग बघून हो पण म्हणू नका. टोकन देण्याआधी मालकाला सांगा की गाडी म्हापशाला रॅम्पवर न्यायची आहे, पाट्यांचे चारही हँगर आणि मागची कमान ठोकून बघायची आहे, आणि दोन-तीन ठिकाणी कोटिंग रुपयाएवढं खरवडायचं आहे. ते परत लावायचा खर्च तुमचा. खाली सलग लोखंड निघालं तर किंमत वाजवी आहे, घ्या. खरवडल्यावर खपल्या निघाल्या तर कमी किमतीचं कारण तुम्हाला कळलेलं असेल. मालक रॅम्पवरच यायला तयार नसेल तर मी पुढे बोलणी करणार नाही.

घेतलीत तर पहिल्या आठवड्यात चेसीची सगळी भोकं तारेने मोकळी करा, नळी आत घालून गोडं पाणी लालसर गाळ थांबेपर्यंत सोडा, आणि पूर्ण सुकल्यावर आतून मेणासारखं गंजरोधक फवारून घ्या. जळकं ऑइल मारू नका. रबरी बुश त्याने फुगून खराब होतात. फ्लोअरचं अस्तर काढलेलंच असेल, तर सीट परत बसवण्याआधी गाडी दोन दिवस दारं उघडी ठेवून उन्हात ठेवा.